'हार्बर कमांड'चे एकूण भाग किती?

शिवडीकर:
बाबा ३० वर्षं गोदीत होते. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. परवा मोबाइलवर 'हार्बर कमांड'चा एक भाग लावून दिला. इंग्रजी त्यांना कळत नाही, पण लाँच धक्क्याला लागताना पुढे सरसावून म्हणाले, "अरे, आधी पुढचा दोर टाक!" इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला. एकूण भाग किती आहेत? सगळे दाखवायचेत त्यांना.

जुनाप्रेक्षक:
३९. १९५७-५८ची कृष्णधवल मालिका, भाग अर्ध्या तासाचा. बंदर पोलिसांचा कॅप्टन बॅक्स्टर झालाय वेंडेल कोरी, 'रिअर विंडो' सिनेमातला डिटेक्टिव्ह. काय संयत काम करतो हा माणूस! हाणामारीपेक्षा त्याचं गप्प उभं राहणंच मला जास्त आवडतं.

माझगावची:
बाबांना विचारा, यलो गेट पोलीस ठाण्याची लाँच आठवते का. आपल्या बंदराची हद्द त्यांच्याकडेच.

शिवडीकर:
विचारलं, ताई. आठवते म्हणाले. मग तासभर भाऊच्या धक्क्याबद्दलच बोलत होते, चहा गार झाला तरी. आज रात्री दुसरा भाग लावतोय.