गुहागरात सहा रात्री एकाच घरी: आराम की शिक्षा?

वाडीकर
कोकणात आठवडाभर जायचं ठरलं की यादी तयारच असते: दापोलीत दोन रात्री, गुहागरला एक, गणपतीपुळ्याला एक, परतताना मार्लेश्वर. ही सुट्टी की तलाठ्याचा दौरा? माझं म्हणणं सरळ आहे. सहा रात्री हाताशी असतील तर सहाही गुहागरात, पाहुणे ठेवणाऱ्या एकाच घरी काढा.

गुहागरच का, तर गावाची ठेवणच तशी आहे. समुद्राला समांतर एक रस्ता, त्यावर वरचा पाट नि खालचा पाट या वस्त्या, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. समुद्राच्या अंगाचं घर मिळालं तर मागच्या दारानं अनवाणी किनाऱ्यावर. गाडी लागतच नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी चिपळूणचं तिकीट काढा. तिथून गुहागर साधारण ४५ किमी, एसटीनं दीडेक तास. मधल्या पाच दिवसांत बाहेर फक्त दोनदा पडायचं: एकदा हेदवी-वेळणेश्वर, एकदा अंजनवेलचा गोपाळगड. बाकी काही ठरवायचं नाही.

धोपावे_धक्का
असहमत. सहा रात्री ही नव्या नवलाईची गोष्ट. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं मोबाईल काढून बसतात आणि मोठी माणसं रिक्षावाल्याला विचारतात, "अजून काय बघण्यासारखं आहे?"

त्यापेक्षा तीन अधिक तीन करा: तीन रात्री गुहागरात, तीन खाडीपलीकडे. गाडी असेल तर गुहागरच्या बाजूच्या धोपाव्याहून दापोलीच्या बाजूच्या दाभोळला फेरीबोट आहे. वाशिष्ठीची खाडी काही मिनिटांत पार होते, एरवी तेच अंतर चिपळूण-खेडवरून दापोलीला शंभर किमीच्या घरात जातं. दक्षिणेला जायचं तर फेरीनंच तवसाळहून जयगड, मग गणपतीपुळे हाकेच्या अंतरावर. खाडी ओलांडणं हाच त्या दिवसाचा कार्यक्रम. घाई कुठे आली यात?

पोळपाट
घाई कुठे आली, ते बॅगा भरणाऱ्या बाईला विचारा. मुक्काम बदलायचा म्हणजे आदल्या रात्री ओले कपडे वेगळे करा, वाळूनं भरलेल्या चपला धुवा, सकाळी दहाला खोली सोडा, पुढची मिळते बाराला किंवा एकला. मधल्या वेळात मुलं भुकेली, जेवण वाटेत मिळेल ते. शिवाय दुसऱ्या घरी पहिल्यापासून सुरुवात: आजींना तिखट चालत नाही, धाकट्याला वरणभातच हवा, चहा बिनसाखरेचा.

एकाच घरी राहिलं की हे एकदाच सांगावं लागतं. दुपारच्या जेवणाचं सकाळी नाश्त्याला सांगायचं, उकडीच्या मोदकांचं आदल्या संध्याकाळी. ऐन वेळी मोदक मागितले तर फ्रीजमधलेच येणार, पिठी ताजी उकडायला वेळ लागतो.

सुरमई_तवा
पोळपाट ताई, जेवणावरूनच गाडी अडते. गुहागरातली बरीच घरं शुद्ध शाकाहारी. मासे खाणाऱ्या कुटुंबानं न विचारता सहा रात्री ठरवल्या की चौथ्या दिवशी घरात भांडण. आधी फोनवर विचारा: मासे घरात करता का, नसल्यास खानावळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे का. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा पानात येतं ते खाडीचं किंवा बर्फातलं.

भांग_उधाण
दोन्ही बाजू वाद घालताहेत, पण पंचांग कोणीच उघडलं नाही. किनाऱ्यावरची सुट्टी तिथीवर ठरवावी. कोळ्यांचा ठोकताळा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, आणि रोज सगळं सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं.

म्हणजे त्रयोदशीच्या सुमारास पोचलात तर पुढचे चार-पाच दिवस संध्याकाळी पाणी मागे गेलेलं असतं आणि ओल्या, घट्ट वाळूवर मैलभर चालता येतं. अष्टमीला पोचलात तर ऐन सूर्यास्ताला भरती, पुळण अरुंद, चालणं भुसभुशीत वाळूतून.

हेदवीची बामणघळ तर पूर्ण भरतीवरच अवलंबून. उमामहेश्वराच्या देवळामागे खडकात अरुंद भेग आहे. लाट आत शिरते, कोंडते आणि कारंजासारखी वर उडते. ओहोटीला तिथे नुसती कोरडी चीर दिसते आणि माणसं "काही विशेष नाही" म्हणत परततात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, भरतीलाही जोर नसतो. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या, दिवशी भरतीआधी अर्धा तास जा, घळीच्या कडेला जाऊ नका, शेवाळलेला खडक निसरडा असतो. एका रात्रीच्या मुक्कामात ही वेळ जुळली तर नशीब. सहा रात्रींत जुळवता येते.

धोपावे_धक्का
भरतीचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याही बाजूचा आहे. तीन रात्री पौर्णिमेला लागून गुहागरात ठेवा, बामणघळ झाली की पलीकडे.

वाडीकर
मग फेरीबोटीचंही पंचांग बघा. मोठ्या ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, चिखलानं बुळबुळीत. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर उतार आणि बोटीच्या फळीच्या सांध्यात घासतो. रविवारी दुपारी परतीची रांग वेगळीच. आणि एसटीनं आलेल्यांनी दाभोळला उतरल्यावर पुढे काय, हे तुम्ही सांगितलंच नाही.

मुलांच्या कंटाळ्याबद्दल: कंटाळा आला तर येऊ द्या. दुपारी दोन ते चार वाडीत तसंही कोणी जागं नसतं.

पोळपाट
मुलांचं जमतं, म्हाताऱ्यांचं बघा. सहा रात्रींचे पैसे भरण्याआधी विचारून घ्या: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, मच्छरदाणी मिळेल का. वाडीत डास असतातच. वरच्या मजल्याला पत्रा असेल तर मार्चनंतर घेऊ नका.

सुरमई_तवा
आणि आगाऊ रक्कम दोनच रात्रींची द्या. उरलेल्या चार त्यांनी धरून ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पक्कं सांगतो, असं बोलून घ्या. नोव्हेंबरच्या आडवारी बहुतेक जण ऐकतात. नाताळात आणि मे महिन्यात कोणी ऐकणार नाही.