९९ टक्क्यांची युक्ती: लॅपटॉपवर विमान उडवताना टर्बो बंद करावा का?

वाकडी_शेपटी
लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. प्रोसेसर इंटेल आय-७ ११८००एच, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० (त्याची स्वतःची मेमरी ६ जीबी), रॅम १६ जीबी. त्यावर मायक्रोसॉफ्टचा २०२० वाला फ्लाइट सिम्युलेटर. पुण्याहून उडतो, खंडाळ्यापर्यंत सेकंदाला ५०-५५ फ्रेम (म्हणजे चित्रं), एकदम झकास. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीसाठी घाटकोपरच्या वर आलो की गाडी अडखळायला लागते. कधी २२, कधी ११, आणि नेमकं नाक वर उचलायच्या क्षणी अर्धा सेकंद चित्रच थांबतं. त्या अर्ध्या सेकंदात मी किती विमानं आपटली, विचारू नका.

शेवटी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ केली. त्या एका टक्क्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचं गरजेला मूळ वेगाहून जास्त पळणं, बंद होतं. ९५ अंशांवर उकळणारा प्रोसेसर सत्तरीत आला, पंख्याची बोंब थांबली, आणि घाटकोपरला १८-१९ फ्रेम मिळतात, पण स्थिर. माझं मत: लॅपटॉपवाल्याने बाकी सेटिंगला हात लावायच्या आधी हे करावं. पटतंय का?

रडारबाहेर
अजिबात नाही. या सिम्युलेटरचं बरंचसं ओझं एकाच मेन थ्रेडवर पडतं (हा धागा नव्हे, प्रोसेसरमधला: एका वेळी एकाच कोरवर चालणारी कामांची मुख्य रांग). डेव्हलपर मोड लावून फ्रेमचा काउंटर उघडा, मुंबईवर ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’ असं दिसेल. म्हणजे एकच कोर घाम गाळतोय आणि ग्राफिक्स कार्ड त्याची वाट बघत बसलंय. ११८००एच चा मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ, टर्बोत ४.६ पर्यंत. जो कोर सगळं ओढतोय त्याचाच वेग तुम्ही निम्मा केलात आणि वर ‘स्थिर’ म्हणून खूश आहात. १८ फ्रेम स्थिर असल्या तरी १८च.

वाकडी_शेपटी
४.६ कागदावर हो. ९५ अंशांना टेकला की तो स्वतःच खाली येतो, मग वर जातो, मग पुन्हा खाली. ते झटके मला उतरताना नकोत. वेग कमी चालेल, लहर नको.

पऱ्हाटीतला_पायलट
भाऊ, मी अकोल्याचा. आमच्या इकडे मे महिन्यात घरातच चाळिशी असते, कूलर लावला तरी. पंखा जी हवा आत ओढतो तीच गरम, तर तो थंड काय करणार? ९९ मी दोन उन्हाळे वापरलं, त्याशिवाय विमान धावपट्टी सोडत नव्हतं. पुण्यात बसून टर्बोचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा इकडे या.
पण शेपटीभाऊ, एक सांगा, लॅपटॉप ठेवता कुठे?

सरळसोट
डेस्कटॉप घ्या. विषय संपला.

व्हीओआर_वेडी
होस्टेलच्या दहा बाय दहाच्या खोलीत, दोघींच्या मध्ये डेस्कटॉप कुठे ठेवू, तेवढंही सांगा. मी वैमानिक प्रशिक्षण घेते. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, एक्स-प्लेन ११ हा दुसरा सिम्युलेटर चालवते. इमारती सगळ्यात कमी, वाहतूक शून्य, सावल्या बंद, साधी घड्याळांची सेसना १७२. घड्याळांऐवजी डिजिटल पडद्यांचं कॉकपिट घेतलं की तेच पडदे फ्रेम खातात. मला घाटकोपर नकोच आहे, मला होल्डिंग पॅटर्नमध्ये (उतरायची परवानगी मिळेपर्यंत ठरलेल्या घिरट्या) सुई वेळेवर हललेली हवी. आधी ठरवा की उडायचंय की खिडकीतून बघायचंय.

वाकडी_शेपटी
ताई, मला खिडकीतूनच बघायचंय. आठ तास ऑफिस करून रात्री होल्डिंग पॅटर्न नको.

निळाशार
डीएलएसएस लावा की! सिम्युलेटरमध्ये २०२२ पासूनच आहे. एवढी चर्चा कशाला?

रडारबाहेर
डीएलएसएस चित्र आधी लहान काढून मग मोठं करतं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं ओझं उतरवतं. इथे कार्ड आधीच रिकामं बसलंय. शिवाय कॉकपिटच्या पडद्यांवरचे आकडे फिरताना पुसट होतात, उंची वाचायला डोळे बारीक करावे लागतात. ढगांत शिरल्यावर फायदा होईल, घाटकोपरवर नाही.

शेपटी, तुमचा उष्णतेचा मुद्दा मला मान्य आहे, उपाय नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या तांब्याच्या नळ्या सामायिक असतात. एक तापला की दुसऱ्यालाही चटका. तुम्ही खंडाळ्यापर्यंत ५५ फ्रेम मारत येता, रिकाम्या डोंगरांवर. तिथेच सगळी भट्टी पेटवून ठेवता आणि मुंबईला, जिथे प्रोसेसरला खरी धाव घ्यायची असते, तिथे तो आधीच दमलेला पोचतो. फ्रेमवर मर्यादा घाला. वाटेत थंड राहील, टर्बो शेवटच्या दहा मिनिटांसाठी शिल्लक राहील. आणि टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती लांबपर्यंत बारकाईने दाखवायची ते) २०० असेल तर १०० करा, ते ओझं थेट मेन थ्रेडवरचं आहे. विमानतळावरची वाहतूकही कमी करा. टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) तसंच राहू द्या, कार्डाची ६ जीबी मेमरी भरत नाही तोवर त्याने फारसं बिघडत नाही. भरलं की मात्र धडाधड कोसळतं.

पऱ्हाटीतला_पायलट
मर्यादा ३० ची?

रडारबाहेर
पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, असेल तर ३०. १४४ चा असेल तर ३० चा भाग जात नाही, काही फ्रेम जास्त वेळ टिकतात, काही कमी, आणि डोळ्यांना तेच अडखळणं वाटतं. १४४ ला ३६ ठेवा.

सरळसोट
एवढा हिशेब करण्यापेक्षा खरं तिकीट काढा मुंबईचं.

वाकडी_शेपटी
चार संध्याकाळी घालवल्या. तेच विमान, तीच वेळ, निरभ्र आकाश, पुणे ते मुंबई. पडदा १४४ चा.
प्रोसेसर ९९, बाकी पूर्वीसारखं: घाटकोपरला १८-१९.
प्रोसेसर ९९, टेरेन १००, वाहतूक कमी: २३.
प्रोसेसर १००, टेरेन आणि वाहतूक तशीच कमी, फ्रेम ३६ वर बांधलेल्या: २८ ते ३१, तापमान ८६. उतरताना एकदाच झटका, तोही धावपट्टीला चाकं लागल्यावर.
रडारबाहेर, फ्रेमच्या बाबतीत तुमचं खरं निघालं. पण पंखा पुन्हा बोंबलतोय आणि शेजारच्या खोलीत आई झोपते. त्यामुळे रात्री अकरानंतर ९९, आधी १००. यावर वाद नको.

रडारबाहेर
वाद आहेच. अकरानंतर ९९ नको, फ्रेमची मर्यादा २४ ची लावून बघा. १४४ ला भाग जातो.

पऱ्हाटीतला_पायलट
आणि लॅपटॉप ठेवता कुठे, ते अजून सांगितलं नाही बाप्पा.

वाकडी_शेपटी
गादीवर. उद्यापासून टेबलावर.