मॅककॉर्मिक की हसी? कापणीयंत्राचं श्रेय नेमकं कुणाचं

लोहारआळी:
अमेरिकेच्या सायरस मॅककॉर्मिकला घोड्यांनी ओढायच्या कापणीयंत्राचा जनक म्हणणं थांबायला हवं. त्याचा प्रतिस्पर्धी ओबेड हसी याचं पेटंट ३१ डिसेंबर १८३३चं, मॅककॉर्मिकचं २१ जून १८३४चं. तारखा सोडा, पातं बघा. मॅककॉर्मिकचं पातं म्हणजे सरळ दातेरी पट्टी, करवतीसारखी मागेपुढे सरकणारी. हसीने दांड्यावर त्रिकोणी पाती ओळीने रिव्हेट केली आणि ती खाच पाडलेल्या लोखंडी बोटांतून चालवली. काडी पातं आणि बोट यांच्या कात्रीत सापडते, वाकून निसटत नाही. आजच्या कंबाइन हार्वेस्टरच्या कटर बारमध्ये (कापणाऱ्या पट्टीत) हीच रचना आहे.

पेंढी:
नुसत्या पात्याने कापणी होत नाही. हसीच्या यंत्राला रीळ, म्हणजे पिकावर फिरणारा आडव्या फळ्यांचा रहाट, नव्हतं. उभं पीक पात्याकडे ओढायला आणि कापलेलं मागच्या फळीवर पाडायला काहीच नाही, म्हणून घोडे जोरात हाकावे लागत. पात्याला गती जमिनीवरच्या चाकातून मिळायची. घोडे मंदावले की पातंही मंदावायचं आणि खाचा भुसकटाने चोंदायच्या. त्या खाचा मागून मोकळ्या करायला १८४७ उजाडलं. मॅककॉर्मिकने रीळ, पीक अलग करणारा दुभाजक, फळी आणि पातं एकाच मोठ्या चाकावर जुळवलं.

गव्हाळ:
तुम्ही दोघंही मॅककॉर्मिक कुटुंबाचं वॉलनट ग्रोव्ह विसरताय. व्हर्जिनियातल्या त्या शेतावर सायरसचे वडील रॉबर्ट कित्येक वर्षं कापणीयंत्रावर खटपट करत होते. बांधणीत जो अँडरसन या गुलामाचे हात होते, पेटंटवर त्याचं नाव नाही. भाऊ लिअँडर तर पुढे श्रेय वडिलांनाच देत राहिला.

पेंढी:
अँडरसनचं नाव आधी यायला हवं, हे अगदी खरं. पण यंत्र शेतापर्यंत पोचवलं सायरसनेच. १८४२मध्ये ७ यंत्रं विकली, १८४३मध्ये २९, १८४४मध्ये ५०. परवाने देऊन इतरांकडून यंत्रं बनवून घेतली, तर काहींचं काम कच्चं निघालं आणि बदनामी त्याच्या पदरी आली. म्हणून १८४७मध्ये शिकागोला स्वतःचा कारखाना काढला. जागाही नेमकी निवडली: सपाट प्रेअरी (गवताळ मैदान), भरपूर गहू, मजूर कमी. यंत्र सुमारे १२० डॉलरचं. ३० आधी, बाकी पीक विकल्यावर. हातात रोकड नसलेल्या शेतकऱ्याला याहून सोयीचं काय असणार?

लोहारआळी:
विक्रीत त्याला तोड नव्हती, वाद नाही. पण मक्तेदारीचा हट्टही तेवढाच. १८४८मध्ये पेटंटची मुदतवाढ नाकारली गेली, मग त्याने जॉन मॅनी या प्रतिस्पर्धी यंत्रनिर्मात्याला कोर्टात खेचलं आणि १८५६मध्ये हरला. आणि ज्या रिळावर तुमचा एवढा भर आहे, ते स्कॉटलंडच्या पॅट्रिक बेलच्या यंत्रावर १८२८मध्येच फिरत होतं.

पेंढी:
बेलचं यंत्र घोडे मागून ढकलत, त्यामुळे वळवताना जड जायचं. शिवाय त्याने पेटंटही घेतलं नाही. रीळ आधीचं होतं हे मी मान्य करतो. जुळणीचं श्रेय मात्र सोडणार नाही.