शब्दचर्चा : 'स्क्वॉड डेप्थ'ला काय म्हणायचं? (आणि 'बदली' नक्की कोण?)

सुरंगी (वेंगुर्ला)

एफसी गोवा या फुटबॉल क्लबाच्या सामन्यांवर मी गावातल्या मुलांसाठी मराठीत एक पान लिहिते. ते वाचनालयाच्या फळ्यावर लागतं. या वेळी पुढच्या मोसमाची तयारी हा विषय घेतला आणि लिहिलं, 'गोव्याला दोन चांगले बदली खेळाडू हवेत.' मला म्हणायचं होतं की बाकावर बसणारे दोघे भरवशाचे हवेत. पण अर्ध्या मुलांनी अर्थ घेतला तो दुसऱ्या क्लबातून बदली करून आणायचे दोघे असा. फळ्यासमोर मोठा वाद झाला. शेवटी कळलं की दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होत्या.

त्याच्या खालच्याच ओळीत 'संघाची खोली' असं लिहून मी खोडलं होतं. ट्रान्स्फर आणि सब्स्टिट्यूट या दोघांनाही आपण बदलीच म्हणतो, ते एक. आणि ज्याच्यासाठी सगळा लेख होता त्या स्क्वॉड डेप्थला, म्हणजे कोणीही बाहेर बसला तरी त्याच्या जागी त्याच तोडीचा दुसरा संघात असण्याला, तर माझ्याकडे शब्दच नाही. काय लिहू?

मांडवी (रत्नागिरी)

'राखीव फळी' लिहा. क्रिकेटच्या बातम्यांमध्ये किती वर्षांपासून रुळलेला शब्द आहे. 'भारताची राखीव फळी भक्कम आहे' म्हटलं की सगळ्यांना कळतं. 'दुसरी फळी'सुद्धा चालेल.

सुरंगी

ताई, फुटबॉलमध्ये आधीच तीन फळ्या मैदानावर आहेत. बचाव फळी, मधली फळी, आघाडीची फळी. त्यात चौथी राखीव. शिवाय 'दुसरी' म्हटलं की कमी दर्जाची असं ऐकू येतं. चांगल्या क्लबात पहिला आणि दुसरा यांतला फरक प्रशिक्षकालासुद्धा सांगता येऊ नये, डेप्थ ती.

शुद्धमती (पुणे, माहेर देवगड)

'संघबल' किंवा 'संघसामर्थ्य' हे शब्द तयार आहेत, अर्थवाही आहेत. ट्रान्स्फरला 'हस्तांतर'. नवे शब्द सुरुवातीला सगळ्यांनाच जड वाटतात. सावरकरांनी 'दिनांक' आणि 'महापौर' दिले तेव्हाही लोक नाकं मुरडत होते. आज महापौरऐवजी मेयर म्हणणारा माणूस शोधावा लागतो.

रापण (मालवण)

हस्तांतर जमिनीचं होतं. सातबारा वर नाव चढतं. माणसाचं हस्तांतर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि 'खोली' खोडली ते बरं केलंत. आमच्यात खोली मोजतत ती बोट खडकार लागा नये म्हणान. समुद्रावर वाढलेल्या माणसाला खोल म्हटलं की ताकद आठवत नाही, जपून राहायचं आठवतं.

चाकरमानी (लालबाग, गाव कणकवलीजवळ)

'बदली'बद्दल मला बोलायचं आहे. माझे आजोबा गिरणीत बदली होते. हुद्दाच तो, 'बदली कामगार'. पहाटे उठून पाळीच्या आधी गेटावर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोण आला नाही ते आतून कळेपर्यंत थांबायचं. कोणी आजारी असेल, कोणी गावी शिमग्याला गेला असेल, तर यांना आत घ्यायचे. नाहीतर डबा तसाच घेऊन परत खोलीवर. आजी सांगायची, डबा भरलेला परत आला की ते जेवताना बोलत नसत. कायम व्हायला त्यांना खूप वर्षं लागली आणि कायम झाल्यावर थोड्याच वर्षांत, १८ जानेवारी १९८२ला, संप सुरू झाला.

म्हणून बाकावर बसलेल्या, गरम कपडे घालून बाजूच्या रेषेवर पळणाऱ्या, प्रशिक्षकाच्या हाताकडे बघत असलेल्या खेळाडूला 'बदली खेळाडू' म्हणतात तो शब्द मला अगदी बरोबर वाटतो. तो आमच्या घरचा शब्द आहे. ट्रान्स्फरला तो देऊ नका.

मांडवी

हे वाचून पटलं. पण सरकारी नोकरीतली बदली? माझ्या वडिलांच्या पाच झाल्या. दापोली, खेड, पुन्हा दापोली... लोक तोच अर्थ आधी घेणार.

चाकरमानी

त्या बदलीत माणसाला विचारतात का? हुकूम निघतो. फुटबॉलमधला खेळाडू सही करतो, त्याचा दलाल असतो, पैसे ठरतात. सरकारी बदली आणि ट्रान्स्फर यांत जागा बदलते एवढंच सारखं आहे.

रापण

मग 'गेला' म्हणा ना. दशावतारातला राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, एका मंडळातून दुसऱ्या मंडळात जातो तेव्हा आम्ही काय म्हणतो? 'औंदा तो थय गेलो.' झालं. नाम कशाला हवं?

खलाशांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट वर ओढलेली, शाकारलेली. नेमक्या त्याच दिवसांत नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, पुढच्या हंगामाचे खलाशी ठरवतो, उचल देतो. कोण कोणाच्या बोटीवर जाणार हे नारळी पौर्णिमेआधी सगळ्या बंदराला माहीत असतं. तुमच्या फुटबॉलवाल्यांचा बाजारही जून-जुलैतच ना? तिकडे उचल, इकडे सायनिंग.

सुरंगी

उचल आणि सायनिंग एक नव्हे दादा, उचल फेडावी लागते. पण काळ जुळतो खरा.

नाम मात्र हवं आहे. लेखाचं शीर्षक 'ट्रान्स्फरच्या योजना' आहे. 'गेला-आलाच्या योजना' असं कसं लिहू?

मांडवी

'आवक-जावक'! प्रत्येक कचेरीत वही असते. बाजारात आंब्याची आवक असते. 'गोव्याची यंदाची आवक-जावक.' कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

शुद्धमती

आंब्याच्या पेट्या आणि कचेरीतली पाकिटं यांच्यासाठीचा शब्द माणसांना? हस्तांतरावर आक्षेप घेणाऱ्यांनी यावर का घेऊ नये?

चाकरमानी

ट्रान्स्फरचा विषय निघालाच आहे तर २०२० काढतो. मी मुंबई सिटीवाला. गावच्या मित्रांशी बोलताना आजही 'तुम्ही आमचे खेळाडू फोडलेत' हे ऐकावं लागतं. बुमू, जाहू, फॉल, मंदार राव देसाई, चौघेही एका उन्हाळ्यानंतर गोव्यातून मुंबईत आले, प्रशिक्षक लोबेराही आला. आणि २०२०-२१मध्ये मुंबईने शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) जिंकली, चषकही जिंकला. पण लोबेराला गोव्याने मोसम संपायच्या आधीच सोडलं होतं. ज्या माणसाने खेळ शिकवला त्याच्यामागे खेळाडू गेले. याला फोडणं म्हणत नाहीत. बुमूसाठी तर करारात लिहिलेली रक्कम मोजून दिली होती.

सुरंगी

फोडणं हाच शब्द आहे. रक्कम मोजली म्हणून काय झालं? आमदार फोडतात तेव्हाही सगळं कागदावर नीटच असतं. 'फोडणे' हे उरलेल्यांच्या बाजूने म्हटलं जातं, जाणाऱ्याच्या नाही. भिंतीतला चिरा काढला तर चिऱ्याला काही होत नाही, भिंतीला भोक पडतं. २०१९-२०मध्ये लोबेरा गेल्यावर क्लिफर्ड मिरांडाने, आमच्या गोव्याच्या माणसाने, उरलेले सामने सांभाळून शील्ड आणली होती. तो संघ वर्षभरसुद्धा एकत्र राहिला नाही. मार्च २०२१च्या उपांत्य फेरीत मुंबईने आम्हाला पेनल्टींवर हरवलं, तेव्हा समोर आमचेच खेळाडू होते. मंदार तर म्हापशाचा. त्या रात्री मी जेवले नाही.

चाकरमानी

ताई, तुमचं दुःख कळतं. तरी शब्द वापरताना दोन्ही बाजूंना मान्य असेल तो वापरावा. 'घेतले' म्हणा.

रापण

दोन्ही बाजूंक मान्य असो शब्द वर्तमानपत्रवाल्यांका होयो. गावात बोलूक नको. दशावतारात पण 'मंडळ फोडल्यान' असाच म्हणतत, आणि ज्याने फोडलं तो कधीच तसं म्हणत नाही.

किनारपट्टी (श्रीवर्धन)

मूळ प्रश्न डेप्थचा होता, त्यावर एक सुचवतो. आमच्या रायगडात 'आगोट' म्हणतात. पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचं ते सामान. सुकट, सोडे, बोंबील, मसाला, तांदूळ, लाकूडफाटा. 'आगोट भरली का?' असं मे महिन्यात एकमेकींना विचारतात. क्लबही मोसमाआधी तेच करतो.

रापण

आमच्याकडे बेगमी. पावसाची बेगमी.

सुरंगी

बेगमी! हा शब्द माझ्या डोळ्यासमोर होता आणि दिसला नाही.

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण मला हाच अर्थ मुलांना सांगायचा आहे. माझी आई मे महिन्यात माळ्यावर ओळीने डबे लावते. खारे बांगडे बरणीत, सुका जवळा पत्र्याच्या डब्यात, कोकमं चिनी मातीच्या बरणीत मीठ घालून, कुळीथ, सांडगे, आंब्याची साठं कागदात गुंडाळून. प्रत्येक डब्याचा दिवस तिला माहीत असतो. वादळी वारा सुटून बाजारात मासळी आली नाही तर बांगडा. घरात कोणाला ताप आला तर कुळथाची पिठी. श्रावणात सांडगे. एकदा एका वर्षी जवळा स्वस्त मिळाला म्हणून वडील चार डबे घेऊन आले. आई म्हणाली, 'ह्या सामान झाला, बेगमी नाय.' कोकमं त्या वर्षी कमी पडली होती आणि जवळ्याने आमटी आंबट होत नाही.

क्लबाचं नेमकं हेच आहे. चार सेंटर फॉरवर्ड (पुढे गोल करणारे) घेतले आणि लेफ्ट बॅक (डावीकडे बचाव करणारा) एकच ठेवला तर खेळाडू भरपूर, डेप्थ नाही. एप्रिल २०२१ आठवा. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, गटफेरीत खेळणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब. घरच्या मैदानावर, फातोर्ड्यात, १४ ते २९ एप्रिल, १६ दिवसांत ६ सामने, प्रेक्षकांविना. लॉराँ ब्लाँ प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल रय्यानशी ०-०, अमिरातीतल्या अल वाहदाशी ०-०. गोलात धीरज सिंग असा उभा होता की टीव्हीसमोर मी हात जोडले. तिसऱ्या सामन्यात इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध आमच्या एदू बेदियाने आधी गोल केला, तरी हरलो. आणि त्याच पर्सेपोलिसने तीन दिवसांनी चार गोल चढवले. तीन दिवसांत मुलं खेळ विसरली नव्हती. पाय संपले होते, आणि त्या तोडीचे दुसरे पाय डब्यात नव्हते.

आता तर तीनऐवजी पाच बदल करता येतात. २०२०मध्ये कोविडमुळे मुभा मिळाली आणि २०२२पासून ती नियमात कायम झाली. म्हणजे सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात जवळजवळ अर्धा संघ नवा असतो. बेगमी नसेल तर ते पाच बदल कागदावरच राहतात.

शुद्धमती

तुमचं म्हणणं सुंदर आहे, पण शब्द फारसी आहे. 'बे' म्हणजे विना, 'गम' म्हणजे चिंता. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, ते कष्ट वाया घालवायचे का? 'संचय' म्हणा, 'पूर्वसंचय' म्हणा.

किनारपट्टी

बे-गम. चिंता नसणं. म्हणजे शब्दाच्या पोटातच अर्थ आहे! मला तर हा शब्द आजवरपेक्षा जास्त आवडायला लागला.

चाकरमानी

शुद्धमतीताई, 'खलाशी' अरबीतून आला, 'आरमार' पोर्तुगीजांच्या आर्मादावरून. किनाऱ्यावरचे बाहेरून आलेले शब्द काढायचे म्हटले तर बंदरात बोटीच उरणार नाहीत.

शुद्धमती

काढा असं मी म्हटलं नाही. नवा अर्थ बसवायचा असताना आपला शब्द आधी शोधा, एवढंच म्हणते. माझी आजी देवगडची. ती 'साठवण' म्हणायची. तोही मराठीच आहे आणि त्याला कोणाचं कुंकू लावावं लागत नाही.

मांडवी

साठवणीत धान्य आठवतं. बेगमीत पुढचा पाऊस आठवतो. दोन्हींत फरक आहे.

पण सुरंगीताई, बेगमी संपवायची असते. भाद्रपदापर्यंत डबे रिकामे झाले पाहिजेत, नाहीतर अळ्या पडतात. खेळाडू मोसम संपला म्हणून संपत नाही. उलट बाकावर बसून बसून तो नाराज होतो आणि जातो.

सुरंगी

हा मुद्दा मी धरला नव्हता.

पण आईसुद्धा डबे उन्हं पडली की अंगणात काढते. मधून मधून ऊन दाखवलं नाही तर बेगमीही नासते. खेळाडूला चषकाच्या सामन्यात तासभर खेळवणं ते हेच ना?

किनारपट्टी

एक दुरुस्ती. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणतात, आगोट म्हणजे सामान नव्हे, आगोट म्हणजे पाऊस लागायचे दिवस. सामानाला त्या 'आगोटीचं भरणं' म्हणतात. आईकडे मात्र सामानालाच आगोट म्हणायचे. दोघींची गावं खाडीच्या दोन तीरांवर आहेत, मध्ये फक्त तर (पलीकडे नेणारी होडी) आहे.

रापण

खंयची खाडी? आमच्याकडे पण एक म्हातारी आगोट म्हणता, ती मूळची तिकडचीच असतली. तिका विचारून सांगतंय.

सुरंगी

जरूर विचारा. फळ्यावर सध्या 'गोव्याची आवक-जावक' असं शीर्षक लावलं आहे, खाली बाकावरच्यांना 'बदली खेळाडू'. डेप्थच्या जागी 'बेगमी' लिहिलं, आणि आज संध्याकाळी कोणीतरी त्याच्यापुढे खडूने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.