मदत हवी आहे, भाच्याला टाइप वन डायबेटिस निघालाय
माझ्या ११ वर्षांच्या भाच्याला मागच्या आठवड्यात टाइप वन निघाला, दिवसाला ४ इंजेक्शनं चालू झालीत आणि ताई रोज रात्री २ ला उठून त्याची शुगर बघते, झोपच नाही तिला. म्हटलं शनिवारी मी थांबते, तू झोप, पण खरं सांगू का, मलाच धाकधूक होतेय. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी परत चेक करायचं, एवढं पाठ झालंय. झोपेत कमी झाली तर आधी नीट जागं करूनच पाजायचं ना? तुम्ही कसं करता? आणि "जास्त गोड खाल्लं म्हणून डायबेटिस झाला" म्हणणाऱ्या नातेवाईकांना काय उत्तर देता? तो सगळं ऐकतो हो, गप्प बसतो.