मदत हवी आहे: जास्त शॉट मारणारी गार्ड की कमी शॉटमध्ये काम करणारी?

बेसलाइन:
उद्या दुपारी आमच्या बास्केटबॉल संघाची सेमीफायनल आहे, म्हणून जरा लवकर सांगा. दोन गार्ड (बॉल पुढे नेणाऱ्या, बाहेरून खेळणाऱ्या) आहेत. पाच सामन्यांत सात नंबरने ९६ शॉट मारून ९५ गुण केलेत, अकरा नंबरने ४४ शॉटमध्ये ५८. शेवटच्या क्वार्टरला बॉल कुणाच्या हातात द्यायचा? आमचे दुसरे कोच म्हणतात सात नंबरशिवाय संघच नाही. मला ते पटत नाही, पण त्यांना पटवताही येत नाहीये.

काटकोन:
मुलं की मुली? वय काय? थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) किती मारले, किती आत गेले? फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट)? एवढ्यावर कुणीच काही सांगू शकणार नाही.

जुना सेंटर:
सात नंबरला खेळवा. २००१ च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनलचा पहिला सामना आठवा, फिलाडेल्फिया विरुद्ध लेकर्स. फिलाडेल्फियाच्या आयव्हरसनने ४१ शॉट मारले, ४८ गुण केले आणि फिलाडेल्फिया जिंकली. त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये लेकर्स हरले ते याच एका सामन्यात. अडचणीच्या वेळी बॉल मागायला छाती लागते, ती शिकवून येत नाही.

बे एरियाकर:
आणि पुढचे चारही सामने लेकर्सनी घेतले, तेही सांगा ना. त्या मोसमात आयव्हरसन एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) होता, सामन्याला २५.५ शॉट, ३१.१ गुण. २०१५-१६ चा एमव्हीपी, गोल्डन स्टेटचा करी: २०.२ शॉट, ३०.१ गुण. गुणांत फरक एकाचा, शॉटमध्ये पाचाचा. ते पाच शॉट करीच्या सोबत्यांना मिळाले.

जुना सेंटर:
करीचे सोबती कोण होते? थॉम्पसन, ग्रीन असे दमदार गडी. आयव्हरसनभोवती कोच लॅरी ब्राउनने मुटोंबो, स्नो असे मुख्यतः बचाव करणारे ठेवले होते. तिथे स्वतःच्या बळावर शॉट तयार करणारा तो एकटाच. अशा गड्याची टक्केवारी खाली येणारच. कागदावर तुलना करून तुम्ही त्याच्यावर अन्याय करताय.

फॉलोथ्रू:
सात नंबरचं कोपर बाहेर जातंय का ते आधी बघा. रोज रिंगच्या अगदी जवळून, एका हाताने शंभर शॉट मारून घ्या. मनगट शेवटपर्यंत सुटलं पाहिजे. टक्केवारी आपोआप वाढेल.

बेसलाइन:
उद्या सामना आहे हो, आता कोपर कधी सुधारू? मुली आहेत, १७ वर्षांखालील.
सात नंबर: ९६ पैकी थ्री २८, गेले ६. फ्री थ्रो ३० पैकी १९.
अकरा नंबर: ४४ पैकी थ्री २०, गेले ८. फ्री थ्रो ६ पैकी ४.

रेफरीकाका:
स्कोअरशीटवर चुकलेले शॉट येतच नाहीत. मग हे ९६ कुठून आले?

बेसलाइन:
बेंचवरच्या मुली वहीत रेघा मारतात. गेला की बरोबर, चुकला की फुली. मी स्वतः तपासतो.

काटकोन:
मस्त पद्धत आहे, सोडू नका. ट्रू शूटिंग, म्हणजे थ्री आणि फ्री थ्रो धरून नेमबाजीची टक्केवारी, काढू या. फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणायचं, त्यात शॉट मिळवायचे, बेरजेची दुप्पट करायची आणि तिने गुणांना भागायचं. सात नंबर ४३.५ टक्के, अकरा नंबर ६२.२. हा फरक फार मोठा आहे.

रेफरीकाका:
०.४४ हा एनबीएच्या सामन्यांवरून बसवलेला आकडा. शालेय सामन्याला तो जसाच्या तसा लावू नये.

काटकोन:
मान्य. ०.५ धरा, सात नंबर ४२.८ वर येते. निष्कर्ष तोच. मला वेगळंच विचारायचंय: अकरा नंबरला शॉट मिळतात कसे? स्वतः ड्रिबल करून, की कुणाच्या पासवर?

बेसलाइन:
बहुतेक सात नंबरच्याच पासवर. ती आत घुसली की दोघी-तिघी तिच्यावर धावतात, अकरा नंबर कोपऱ्यात मोकळी असते. ती ड्रिबल फारसं करत नाही, प्रेस (अंगावर येऊन दबाव टाकणारा बचाव) आला की बॉल घालवते.

काटकोन:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! अकरा नंबरच्या ६२ टक्क्यांत सात नंबरची मेहनत आहे. बॉल सात नंबरकडेच ठेवा. बंद करायचे ते तिचे थ्री. २८ थ्रीमधून १८ गुण, म्हणजे शॉटमागे ०.६४. अकरा नंबरचे २० मधून २४, शॉटमागे १.२. मात्र अकरा नंबरचे शॉट दुप्पट केले तर हात तसाच राहील असं धरू नका. दुसऱ्या सामन्यापासून तिच्यावरही माणूस लागेल.

जुना सेंटर:
हेच मी म्हणत होतो, सात नंबरला खेळवा.

बे एरियाकर:
खेळवा आणि तिचे शॉट कमी करा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला वेळेची मर्यादा, आहे का तिथे? २४ सेकंद संपत आले की कुणीतरी वाईट शॉट घ्यावाच लागतो आणि तो नेहमी सात नंबरच्याच गळ्यात पडत असणार.

बेसलाइन:
शॉट क्लॉक नाही. स्पर्धेत ते लावतच नाहीत.

बे एरियाकर:
मग तिची ती सबबही गेली. घाई कुणालाच नाही. पहिला ड्राइव्ह अडला तर बॉल बाहेर काढून पुन्हा घुसायचं, एवढंच तिला सांगा.

बेसलाइन:
हे दुसऱ्या कोचनाही पटेल, ते सात नंबरला काढायच्याच विरोधात होते. पण सात नंबर बेंचवर असताना अकरा नंबर कशी खेळते, ते कसं कळणार? वहीत तसं वेगळं लिहिलेलं नाही.

रेफरीकाका:
व्हिडिओ आहे का?

बेसलाइन:
दोन सामन्यांचे आहेत, एका पालकांच्या फोनवर.

काटकोन:
आज रात्री त्यांतली सात नंबर बेंचवर असतानाची मिनिटं बघा. अकरा नंबरच्या प्रत्येक शॉटसमोर पास कुणी दिला ते लिहा आणि इथे टाका. मी जागा आहे.