मदत हवी आहे: व्हीनस फ्लायट्रॅपचा फुलांचा दांडा कापू की ठेवू?

नमस्कार मंडळी. माझ्या फ्लायट्रॅपला (पानांच्या सापळ्यात कीटक पकडून खाणारं झाड) पहिल्यांदाच फुलांचा दांडा आलाय. बोटभर उंच झालाय, टोकाला कळ्यांचा झुबका आहे. खूप आनंद झाला होता, पण गेल्या तीन आठवड्यांत एकही नवा सापळा धड उघडलेला नाही. जे येतात ते इवलेसे, आणि जुने काळे पडतायत. ऊन, पाणी, कुंडी सगळं पूर्वीचंच आहे.

कारण साधारण समजतं. ही झाडं नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नसलेल्या दलदलीतली. कीटकांतून मिळेल तेवढंच. सापळ्याचं पान प्रकाशसंश्लेषणातही साध्या पानापेक्षा कमी पडतं. त्यात दांडा, फुलं आणि बिया पोसायच्या, म्हणजे कंदातली साठवणच उपसली जाणार. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस डार्विन (चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव) यांनी १८७८ मध्ये दवबिंदू (ड्रॉसेरा) या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीवर प्रयोग केले होते. मांस खाऊ घातलेल्या रोपांना न घातलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त बिया धरल्या. म्हणजे खाल्लेलं बरंचसं बियांकडेच जातं, असं मला वाटतं.

माझे प्रश्न असे: रोप लहान आहे, जेमतेम पाच सापळे. आता दांडा कापला तर उपयोग होईल, की खर्च होऊन गेलाय? कापलेला दांडा ओल्या स्फॅग्नम मॉसवर (दलदलीतलं शेवाळ) ठेवला तर पिल्लं, म्हणजे नवी रोपं, फुटतात म्हणे, कुणी स्वतः केलंय का? आणि दांडा ठेवायचाच ठरवला, तर जास्त कीटक भरवून ही झीज भरून निघते का?

बिया मलाही हव्यात, पण रोप गमवायचं नाहीये. अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा, कळ्या दोन-चार दिवसांत उमलतील.